सुट्टीत पोरांची वाचनाची गोडी कशी टिकवायची

परीक्षा संपली की लगेच "रोज दहा पानं वाच" म्हणून मागे लागू नका, आधी मनसोक्त खेळू द्या. पुस्तक त्यांनाच निवडू द्या, कॉमिक असो, क्रिकेटवरचं असो, चौथीतल्या पोराने पहिलीचं चित्रांचं उचललं तरी टोकायचं नाही. दुपारी ऊन रणरणत असतं, बाहेर सोडता येत नाही, तीच खरी वेळ. जेवणं झाली की पंख्याखाली चटई टाकायची, तुम्ही मोठ्याने वाचायला घ्यायचं आणि अगदी रंगात आलं, म्हणजे चोराची चाहूल लागली अन् दार वाजलं, की तिथेच "जरा भांडी आवरून येते" म्हणून उठायचं, पुस्तक उघडंच ठेवून. पुढचं पोरं स्वतःच वाचतात बघा.

विकतच घ्यायला हवं असं नाही, बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत, स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर वाचनाच्या लेव्हलप्रमाणे मराठी गोष्टी मिळतात. पाचगणीला जाणार असाल तर भिलारला थांबाच, पुस्तकांचं गाव आहे ते, लोकांच्या घरांत बसून वाचता येतं.

आणि प्लीज, वाचून झाल्यावर "तात्पर्य काय?" विचारू नका, सगळी मजाच जाते, त्यापेक्षा आजीला फोन लावून द्या, पोरंच तिला गोष्ट सांगू देत.