जांभ्याच्या जुन्या घराला रंग देताना

पाऊस सरला तरी जांभ्याच्या भिंती लगेच सुकत नाहीत. माडा-फणसाच्या सावलीतली उत्तरेची भिंत तर सर्वांत शेवटी वाळते. म्हणून केवळ दिवाळी आली म्हणून रंगाची घाई करू नका. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवा. आतून घाम धरला तर ओल अजून आहे, थांबा.

चुन्याचा गिलावा असेल तर त्यावर चुनाच द्या, हे अगदी कळकळीने सांगते. प्लास्टिक पेंट सुरुवातीला झकास दिसतो, पण चिऱ्यातली ओल आत कोंडते. मग फुगे येतात, नखाने ओढलं की पापुद्रा निघतो आणि खाली पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून आलेला क्षार. चुन्यातून ओल बाहेर पडते, बुरशीही सहज धरत नाही. चुना वस्त्रगाळ करून पातळच ठेवा, भिंत किंचित ओलसर करून तीन हात द्या. डोळे सांभाळा.

शेवाळ असेल तर आधी खरवडा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, वाळू द्या.

पागोळ्या जोत्यावर उडत असतील तर पन्हळ रंगाआधी बसवा आणि भिंतीला टेकलेल्या फांद्याही छाटून घ्या.