आंब्याची डायकिरी पाणचट व्हायची, तेव्हा
डायकिरी म्हणजे रमचं थंडगार कॉकटेल. रम, लिंबू, साखर, आंबा, भरपूर बर्फ. मिक्सर फिरवला की दोन मिनिटांत वर फेस, खाली पाणी. बर्फ कमी पडतोय वाटून वाढवला, तर आणखीच पाणचट!

आता हापूसच्या फोडीच रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवते. रमची बाटलीही तिथेच. ४० टक्क्यांची दारू घरच्या फ्रीझरमध्ये गोठत नाही. दोन ग्लासांना ६० मिली रम, एका लिंबाचा रस, दोन चमचे पिठीसाखर, दोन वाट्या फोडी, बर्फाचे चारच खडे. रम वाढवली की मिश्रण घट्ट धरत नाही, हे नवऱ्याला अजून पटलेलं नाही. मिक्सर सलग फिरवायचा नाही, बटण उलटं फिरवून झटके द्यायचे. भांडं तापलं की मुसळ केरात. चमचा उभा राहिला की लगेच ओतायचं.