चार देश, एक व्हिसा: मध्य युरोपच्या सहलीची ठाण्यातून करायची तयारी

प्राग, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा आणि बुडापेस्ट ही चार राजधानीची शहरे एकमेकांपासून इतक्या सोयीच्या अंतरावर आहेत की झेक प्रजासत्ताक, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी या चार शेजारी देशांची सहल केवळ रेल्वेने, धावपळ न करता पूर्ण होऊ शकते. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा सुमारे ६० किलोमीटरवर, म्हणजे रेल्वेने साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. बुडापेस्टला अडीच ते तीन तासांत आणि प्रागला चार तासांत पोहोचता येते. अशा सहलीची तयारी बहुतेक कुटुंबे विमानाच्या तिकिटापासून सुरू करतात. ती मुक्कामाच्या रात्रींपासून सुरू करावी असे माझे ठाम मत आहे, कारण व्हिसा कोणत्या देशाकडे मागायचा, विमान कोणत्या शहरात उतरवायचे, कोणते चलन किती घ्यायचे आणि सुट्टी किती दिवसांची काढायची हे सारे रात्रींच्या वाटणीवरच अवलंबून असते.

आधी रात्री मोजाव्यात

एका कागदावर तारखा उभ्या मांडून प्रत्येक तारखेसमोर त्या रात्रीच्या मुक्कामाचे गाव लिहावे. उदाहरणार्थ, प्रागला ३, व्हिएन्नाला ४, ब्रातिस्लाव्हाला १ आणि बुडापेस्टला ३ अशा ११ रात्री धरल्या, तर प्रत्येक शहराला न्याय मिळतो आणि प्रवासाचे दिवसही ओझे होत नाहीत. तेवढ्याच दिवसांत आणखी दोन-तीन देश कोंबण्याचा मोह होतो, तो आवरावा. सोबत आजी-आजोबा किंवा लहान मुले असतील, तर सामान बांधणे, स्थानक गाठणे, नवे हॉटेल शोधणे आणि खोली मिळेपर्यंत ताटकळणे यात प्रत्येक स्थलांतराचा अर्धा दिवस जातो, हे हिशेबात धरलेच पाहिजे.

याच टप्प्यावर सुट्ट्याही पाहाव्यात. ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात आणि अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात. १ मे रोजी या चारही देशांत सार्वजनिक सुट्टी असते, ८ मे रोजी झेक प्रजासत्ताकात असते, तर २० ऑगस्ट हा हंगेरीचा राष्ट्रीय दिन आहे. आपल्याकडील शाळांच्या सुट्टीमुळे मे महिना ठरलेला असेल, तर या तारखा कागदावर आधीच खुणा करून ठेवाव्यात.

रात्री ठरल्या की विमानाचे तिकीट जाताना एका शहराचे आणि परतताना दुसऱ्या शहराचे घ्यावे. तिकिटांच्या संकेतस्थळांवर यासाठी ‘मल्टी-सिटी’ असा पर्याय असतो. प्रागला उतरून बुडापेस्टहून परतल्यास मागे फिरण्यात जाणारा जवळजवळ पूर्ण दिवस वाचतो. विमान वाटेत फ्रँकफर्टसारख्या शेंगेन क्षेत्रातील (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातील) विमानतळावर बदलायचे असेल, तर प्रवेशाची तपासणी तिथेच होते आणि पुढचे उड्डाण देशांतर्गत असल्यासारखे असते. त्यामुळे दोन विमानांमध्ये पुरेसा वेळ ठेवावा. तासाभराचे अंतर मला धोक्याचे वाटते.

व्हिसा कोणाकडे मागावा

हे चारही देश शेंगेन क्षेत्रात येतात. या क्षेत्रात सध्या २९ देश आहेत आणि एका व्हिसावर त्या सर्वांत फिरता येते. अर्ज मात्र एकाच देशाकडे करायचा असतो. सहलीचा मुख्य हेतू एखाद्या विशिष्ट देशाशी बांधलेला नसेल, तर ज्या देशात सर्वाधिक मुक्काम आहे त्या देशाकडे अर्ज करावा. वरच्या उदाहरणात व्हिएन्नाच्या ४ रात्रींमुळे तो देश ऑस्ट्रिया ठरतो. दोन देशांत मुक्काम समान असेल, तर प्रथम प्रवेशाचा देश पाहिला जातो. पण विमान तिसऱ्याच देशात बदलायचे असेल तर यावरून गोंधळ होऊ शकतो. म्हणून एका देशाला स्पष्टपणे एक रात्र अधिक द्यावी. ज्या देशाच्या व्हिसाची वेळ लवकर मिळते त्याच्याकडे अर्ज करून मुक्काम भलतीकडेच करण्याचा सल्ला काही जण देतात, तो मुळीच मानू नये. तपासणी अधिकारी हॉटेलची आरक्षणे पाहू शकतो आणि अशी विसंगती पुढच्या अर्जांनाही भोवते.

अर्ज प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस करता येतो. निर्णय सर्वसाधारणपणे १५ दिवसांत होतो, परंतु काही प्रकरणांत ४५ दिवसही लागू शकतात. मेच्या सहलीसाठी अर्जाची वेळ मिळवण्याकरिता मुंबईच्या व्हिसा अर्ज केंद्रांवर मोठी गर्दी असते. त्यामुळे दिवाळीनंतर कागदपत्रांना हात घालावा आणि जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज पूर्ण करावा, हे उत्तम. प्रौढांसाठी व्हिसाशुल्क ९० युरो, ६ वर्षे पूर्ण झालेल्या पण १२ पूर्ण न झालेल्या मुलांसाठी ४५ युरो आहे आणि त्याहून लहान मुलांना शुल्क नाही. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे द्यावे लागते. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने वापरता येतात, तरीही अर्जाच्या दिवशी घरातील सर्वांनी जाण्याची तयारी ठेवावी.

पासपोर्ट मागील १० वर्षांत दिलेला असावा, शेंगेन क्षेत्रातून निघण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध असावा आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. मुदत काठावर असेल तर आधी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यावी आणि मगच व्हिसाचा विचार करावा. लग्नानंतर नाव बदलले असेल तर पासपोर्ट, पॅन कार्ड आणि बँक खाते या तिन्हींवरील नावे ताडून पाहावीत आणि तफावत असल्यास विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडावी.

कागदपत्रांत दिवसवार कार्यक्रम, विमान व हॉटेलांची आरक्षणे, शहरांमधील प्रवासाची माहिती, बँकेचा शिक्का असलेले गेल्या काही महिन्यांचे खातेउतारे, आयकर विवरणपत्रे आणि नोकरीच्या ठिकाणचे रजामंजुरीचे पत्र यांचा समावेश होतो. व्यावसायिकांनी नोंदणीची कागदपत्रे, तर निवृत्तांनी निवृत्तिवेतनाचा पुरावा द्यावा. मूल आई-वडिलांपैकी एकाबरोबरच जात असेल, तर दुसऱ्याचे संमतिपत्र लागते. अर्जासोबतच्या पत्रात सहलीचा हेतू, खर्च कोण करणार आणि परत येण्याची कारणे साध्या शब्दांत लिहावीत. खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम जमा केलेली दिसली तर शंका येते. त्यापेक्षा नियमित पगार आणि जुनी बचत दाखवणारा साधा उतारा अधिक विश्वासार्ह ठरतो.

प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्राला लागू असणारा आणि मुक्कामाचे सर्व दिवस व्यापणारा असावा. मधुमेह, रक्तदाब असे आधीचे आजार विम्यात धरले आहेत का, हे ज्येष्ठांच्या बाबतीत अर्जापूर्वीच वाचून घ्यावे.

पासपोर्ट परत आल्यावर व्हिसाचा कागद शांतपणे वाचावा. वैधतेच्या तारखा, मुक्कामाचे अनुमत दिवस आणि प्रवेशांची संख्या या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एकाच प्रवेशाचा व्हिसा असताना बुडापेस्टहून सर्बियातील बेलग्रेडला किंवा लंडनला जाऊन आले, तर शेंगेन क्षेत्रात पुन्हा प्रवेश मिळत नाही. असा बेत असेल तर अर्जातच एकाहून अधिक प्रवेश मागावेत.

चार देश, तीन चलने

ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकियात युरो चालतो, झेक प्रजासत्ताकात कोरुना आणि हंगेरीत फोरिंट. माझ्या मते फॉरेक्स कार्डात (आधी परकीय चलन भरून वापरायच्या कार्डात) फक्त युरो भरावेत, थोडे युरो रोख घ्यावेत आणि कोरुना व फोरिंट तिथल्या बँकेच्या एटीएममधून गरजेपुरतेच काढावेत. ही चलने उरली तर ठाण्यात बदलून मिळणे अवघड आहे. कार्ड वापरताना यंत्र रुपयांत पैसे घेण्याचा पर्याय देते. तो नाकारून स्थानिक चलनच निवडावे, कारण रुपयांचा दर बहुधा महाग पडतो. आपल्या नेहमीच्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावरील परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करावे लागतात. बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावरच येत असल्याने त्या सिमचे रोमिंग चालू ठेवावे आणि इंटरनेटसाठी युरोपीय सिम किंवा ई-सिम घ्यावे. एका देशात घेतलेले सिम चारही देशांत चालेल याची खरेदी करतानाच खात्री करावी.

बॅगेत काय जाऊ शकते

भारतातून युरोपीय संघात प्रवास करताना स्वतःच्या वापरासाठीही दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, पनीर आणि तुपाचा डबा घरीच ठेवावा. मे महिन्यात नातेवाइकांसाठी हापूसची पेटी नेण्याची इच्छा होते, परंतु आवश्यक प्रमाणपत्राशिवाय ताजे आंबे नेता येत नाहीत. भडंग, पोह्यांचा कोरडा चिवडा, तेलातले मेथीचे ठेपले, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी मात्र निर्धास्त न्यावी. शाकाहारी कुटुंबाला रेल्वेप्रवासात यांचा मोठा आधार होतो. लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत, पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच ठेवावी. औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. वीजदाब आपल्यासारखाच असतो, पण आपली तीन जाड पिनांची प्लग तिथे बसत नाही. म्हणून दोन गोल पिनांचे ॲडॅप्टर घ्यावे.

प्रागच्या जुन्या भागात रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत आणि दिवसभर चालणे होते. नवे बूट तिथे पहिल्यांदा घालू नयेत. निदान महिनाभर आधीपासून ते घालून येऊरला किंवा तलावपाळीला रोज फिरावे.

निघताना, तिथे आणि परतताना

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून तिकिटावरील विमानतळाचे नाव तपासणे आवश्यक झाले आहे. सहारच्या, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळाचा संकेत बीओएम आहे आणि नवी मुंबईचा एनएमआय. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांनी वाहतुकीसाठी वेगळा वेळ राखून ठेवावा.

शेंगेन देशांच्या आपसांतील सीमांवर नेहमीची तपासणी नसली, तरी अधूनमधून ती होते. हंगेरीकडून ऑस्ट्रियात येणाऱ्या गाड्यांत पोलीस पासपोर्ट पाहतात. म्हणून पासपोर्ट मोठ्या बॅगेत न ठेवता अंगावर ठेवावा आणि त्याची छायाप्रत वेगळ्या जागी ठेवावी. ट्रामची तिकिटे घेतल्यावर ती यंत्रात नोंदवावी लागतात; न नोंदवलेल्या तिकिटावर दंड होतो. संकटकाळी चारही देशांत ११२ हा क्रमांक चालतो आणि भारताचा दूतावास चारही राजधान्यांत आहे.

शेंगेन क्षेत्राच्या बाह्य सीमांवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या नव्या पद्धतीत पासपोर्टवरील शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन प्रवेश व निर्गमनाची संगणकीय नोंद होते. त्यामुळे परतीच्या विमानाचे बोर्डिंग पास आणि हॉटेलांची बिले घरी आल्यावर फेकून देऊ नयेत. २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी असा नियम आहे की, तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नियमानुसार वापरले असतील, तर पुढे दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. त्या अर्जाच्या वेळी हीच कागदपत्रे जुन्या पासपोर्टसह हाताशी असावीत.