बँडच्या गर्दीत बास ऐकू यावा यासाठी ओव्हरड्राइव्ह पेडलची जुळणी

चार तारांच्या बास गिटारवरील सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सुमारे ४१ हर्ट्झचा स्वर निघतो. त्याच्या जरा वर, साधारण ५० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात, किक ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, ठोका बसतो. गिटारची जाड तार ८२ हर्ट्झपासून सुरू होते, आणि गिटारवर ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम किंचित फाटवणारा परिणाम) चढलेला असेल तर तिचा आवाज मधल्या पट्ट्यात पसरत गायकाच्या आवाजाला जाऊन भिडतो. अशा गर्दीत आपला स्वर ऐकू येईनासा झाला की बासवादक अँपचा आवाज वाढवतो, खोली थरथरू लागते, आणि तरीही नेमका कोणता स्वर वाजला हे कोणालाच सांगता येत नाही. स्वराची ओळख पटवणारे वरचे अंश झाकले गेलेले असतात, आणि खालचा घुमारा कितीही वाढवला तरी ते उघडे पडत नाहीत.

तानपुरा जुळवताना पाहिलेल्या वाचकाला हे चटकन समजेल. खर्जाची तार दोऱ्याविना छेडली तर ती मंद घुमते. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लागली की त्याच तारेतून पंचम आणि गंधार स्पष्ट उमटू लागतात, आणि दूर बसलेल्या श्रोत्यालाही षड्ज सापडतो. बासचे ओव्हरड्राइव्ह पेडल हेच काम वेगळ्या मार्गाने करते. जवारीत तार घोडीच्या पृष्ठभागाला हलकेच घासते, तर पेडलमध्ये विद्युत लहरीचे माथे छाटले जातात आणि त्या छाटण्यामुळे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वारंवारितेचे अंश बळावतात. ४१ हर्ट्झच्या स्वराचे ८२, १२४, १६५ आणि २०६ हर्ट्झचे अंश ठळक झाले की ज्या लहान स्पीकरमधून ४१ हर्ट्झ जवळजवळ वाजतच नाहीत, त्यातूनही कान मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. पुढील सर्व कृती जवारीइतक्याच ओव्हरड्राइव्हसाठी आहे. मुद्दाम फाटलेला, फझसारखा आवाज हवा असेल तर त्याची जुळणी निराळी असते.

पेडल निवडताना एकच गोष्ट आवर्जून पाहावी: पेडलमधून गेलेला आवाज आणि बासचा मूळ स्वच्छ आवाज यांचे प्रमाण ठरवणारा नॉब त्यावर आहे का. बहुतेक कंपन्या त्याला ब्लेंड म्हणतात. १९९४ साली आलेल्या बॉस ओडीबी-३ वर त्याच नॉबचे नाव बॅलन्स आहे. गिटारसाठी बनवलेल्या पेडलवर हा नॉब सहसा नसतो, आणि त्यांची रचनाही बासला प्रतिकूल असते. इबानेझच्या ट्यूब स्क्रीमर या गिटार पेडलमध्ये लहर छाटणाऱ्या भागाच्या आधीच सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा आवाज कमी कमी होत जातो. गिटारला त्यामुळे आवाज चिखलासारखा न होण्याचा लाभ मिळतो, पण बासचा बहुतेक मूळ स्वर याच पट्ट्याखाली असल्यामुळे पेडल चालू करताच बासचा पाया निघून गेल्यासारखा वाटतो. हाती असे गिटारचेच पेडल असेल, तर आवाज दोन वाटांनी विभागून पुन्हा एकत्र करणारे स्वतंत्र ब्लेंड पेडल घ्यावे. येस या रॉक बँडचे बासवादक ख्रिस स्क्वायर आपल्या रिकनबॅकर बासच्या दोन पिकअपचे (तारांचे कंपन टिपणाऱ्या भागांचे) आवाज वेगळे करून एकाला फाटलेपणा देत आणि दुसरा स्वच्छ ठेवत. ब्लेंड नॉबमागील विचार मूळचा तोच आहे.

जुळणीला बसण्यापूर्वी अँपवरील बास, मिड आणि ट्रेबल हे अनुक्रमे खालचे, मधले आणि वरचे स्वर सांभाळणारे तिन्ही नॉब मध्यावर आणावेत आणि कॅबिनेटमध्ये, म्हणजे स्पीकरच्या पेटीत, वरच्या स्वरांचा लहान स्पीकर म्हणजे ट्वीटर असेल तर तो निम्म्याहून खाली ठेवावा, कारण छाटलेल्या लहरीतील तीक्ष्ण अंश ट्वीटरमधून तळणीत पाणी पडल्यासारखे चरचरतात. बासवरील व्हॉल्यूम पूर्ण उघडा असावा. बास अॅक्टिव्ह (म्हणजे आत बॅटरीवर चालणारे सर्किट असलेला) असेल तर त्याचा बाहेर पडणारा आवाज तगडा असतो आणि पेडल अपेक्षेपेक्षा लवकर फाटते. त्यासाठी बासवरील बास-ट्रेबलचे नॉब मध्यावरच ठेवावेत, तिथे आधीच वाढ करून ठेवू नये. कंप्रेसर (लहान-मोठ्या आवाजांतले अंतर कमी करणारे पेडल) वापरत असाल तर तो ओव्हरड्राइव्हच्या आधी जोडावा, म्हणजे पेडलला मिळणारा जोर एकसारखा राहतो आणि हलक्या स्वरांनाही थोडी जवारी लागते.

पहिला नॉब ब्लेंडचा. तो पूर्णपणे पेडलच्या बाजूला फिरवावा, म्हणजे स्वच्छ आवाज बंद होईल आणि पेडल नेमके काय करत आहे ते उघडपणे ऐकू येईल. गेन किंवा ड्राइव्ह, म्हणजे लहर किती छाटली जावी हे ठरवणारा नॉब, शून्यावरून हळूहळू वाढवत न्यावा आणि त्याच वेळी एकच स्वर कधी हलक्या, कधी जोरकस बोटाने वाजवत राहावा. हलका स्वर जवळजवळ स्वच्छ राहतो आणि जोरकस स्वर किंचित गुरगुरतो, ती जागा सापडली की थांबावे. बहुतेक पेडलवर ही जागा घड्याळातल्या ९ ते ११ च्या दरम्यान सापडते, मात्र आकड्यापेक्षा बोटांवर भरवसा ठेवावा. हे ठरवताना मोकळी जाड तार आणि त्याच तारेवरील पाचव्या फ्रेटच्या वरचे स्वर, असे दोन्ही वाजवून पाहावेत. अनेकदा खालचे स्वर आधी फुटतात आणि वरचे कोरडेच राहतात.

गेन जास्त ठेवण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि माझ्या मते बास हरवण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. लहरीचे माथे छाटले की मोठ्या आणि लहान आवाजांतले अंतर कमी होते. तबल्यात डग्ग्याचा घुमारा वजन देतो, पण ठेका कानाला कळतो तो चाटीवरच्या टणक बोलांमुळे. बासमध्ये ते काम स्वराच्या सुरुवातीची टिचकी करते. गेन वाढवत गेल्यावर ही टिचकी स्वराच्या उरलेल्या भागाइतकीच सपाट होते, आणि एकट्याने वाजवताना दणदणीत वाटणारा आवाज ड्रम सुरू होताच सलग भुणभुण बनतो. दुसरी अडचण हार्मनीची आहे. बळावलेला पाचवा अंश म्हणजे त्या स्वराचा शुद्ध गंधार. बास षड्जावर असताना गिटार मायनर कॉर्ड, म्हणजे कोमल गंधार, धरत असेल, तर अधिक गेनवर हे दोन गंधार एकमेकांना टोचू लागतात. संथ मायनर गाण्यांत मी गेन आणखी थोडा उतरवतो, आणि लांबवलेल्या स्वरांत फरक लगेच जाणवतो.

गेन ठरला की ब्लेंड पूर्णपणे स्वच्छ बाजूला न्यावा आणि तिथून पेडलचा आवाज थोडा थोडा मिसळत यावे. एका टप्प्यावर खालचा पाया आणि वरची धार हे दोन वेगळे आवाज न वाटता एकाच वाद्यातून आल्यासारखे वाटू लागतात. दोन गिटारच्या बँडमध्ये ही जागा बहुधा अर्ध्याच्या आसपास असते, एकच गिटार असेल तर त्याहून कमी मिसळले तरी पुरते. स्वतंत्र ब्लेंड पेडल जोडले असेल आणि मिसळताना मधेच खालचा स्वर एकाएकी पातळ होत असेल, तर दोन वाटांच्या लहरी एकमेकींना रद्द करत आहेत असे समजावे आणि ब्लेंड पेडलवरील फेजचा स्विच बदलून पाहावा.

लेव्हल, म्हणजे पेडलमधून बाहेर पडणारा आवाज किती मोठा असावा हे ठरवणारा नॉब, शेवटी जुळवावा. पेडल चालू आणि बंद करून तीच चार मात्रांची ओळ वाजवावी आणि दोन्ही वेळा आवाज सारखाच वाटेल इतका लेव्हल ठेवावा. पेडल चालू केल्यावर आवाज वाढत असेल तर कान त्या मोठेपणालाच चांगलेपणा समजतो, आणि आपण स्वराचा पोत ऐकून काही ठरवूच शकत नाही. गाण्यात एखाद्या जागी बास पुढे यायला हवा असेल, तर ही बरोबरी साधल्यानंतर लेव्हल किंचित वाढवता येतो.

येथवरचे काम घरी करता येते, टोनचे, म्हणजे खालच्या-वरच्या स्वरांचा तोल साधण्याचे, मात्र करता येत नाही. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज हळू असताना कानाला खालचे स्वर बरेच कमी ऐकू येतात. म्हणून घरी हळू आवाजात वाजवताना आपण बास वाढवतो आणि मिड कापतो, आणि नेमकी हीच जुळणी जॅमरूमच्या आवाजात पोहोचली की खाली नुसता घुमारा उरतो. मी सुरुवातीला कितीतरी संध्याकाळी खोलीत बसून मनाजोगता आवाज जुळवला आणि तो तालमीत पहिल्याच गाण्यात नाहीसा झाला; तेव्हापासून टोन आणि मिड यांना पूर्ण बँड वाजत असतानाच हात लावतो.

तालमीत पहिल्यांदा ७०० ते १००० हर्ट्झचा पट्टा थोडा वाढवून पाहावा. एकट्याने ऐकताना हा आवाज नाकातून आल्यासारखा, काहीसा ओबडधोबड वाटतो, आणि त्याला घाबरून तो कापू नये. बँडमध्ये हाच भाग गिटार आणि किक यांच्या मधून वाट काढतो. गिटारवादकाने आपले मिड कापून ठेवले असतील तर तिथे आयती जागा रिकामी असते. ती नसेल, तर त्याला अँपवरील बासचा नॉब उतरवण्याची विनंती करावी, कारण १५० हर्ट्झच्या आसपासचा गिटारचा फुगलेला आवाज कमी झाला की पेडलला हात न लावताही बास स्वच्छ होतो. मराठी वाद्यवृंदात हीच विनंती कीबोर्डवादकाच्या डाव्या हाताबद्दल करावी लागते. पेडलवर वरची बाजू सांभाळणारा टोन किंवा ट्रेबलचा नॉब असेल तर झांजांच्या चमकीत मिसळणारी चरचर जाईपर्यंत तो उतरवावा. डार्कग्लासच्या बीथ्रीके पेडलवर यासाठी दोन वेगळे स्विच आहेत: ग्रंट हा किती खालचा आवाज छाटला जावा हे ठरवतो आणि अटॅक वरची धार ठरवतो. आवाज चिखलासारखा वाटत असेल तर ग्रंट कमी खालचा आवाज छाटणाऱ्या पायरीवर न्यावा.

परीक्षा अँपपासून दूर उभे राहून घ्यावी. अँप पोटऱ्यांच्या उंचीवर असतो आणि वाजवणाऱ्याच्या कानापर्यंत त्याचे वरचे अंश नीट पोहोचत नाहीत, त्यामुळे तो ट्रेबल वाढवत जातो आणि समोरच्यांना ते बोचते. लांब केबल असेल तर खोलीच्या विरुद्ध भिंतीपर्यंत जावे. नसेल तर फोन त्या कोपऱ्यात ठेवून एक गाणे ध्वनिमुद्रित करावे आणि फोनच्याच स्पीकरवर ऐकावे. तिथे बासची ओळ गुणगुणता आली तर वरचे अंश पुरेसे आहेत. मग तेच मुद्रण चांगल्या हेडफोनवर ऐकून पाया शाबूत आहे का ते पाहावे.

कार्यक्रमाच्या ठिकाणी बासचा आवाज मुख्य ध्वनियंत्रणेकडे कोठून जातो, हे साउंड इंजिनिअरला आधी विचारावे. डीआय बॉक्स (बासचा आवाज थेट ध्वनियंत्रणेकडे पाठवणारी डबी) पेडलच्या आधी जोडला असेल, तर केलेली सर्व जुळणी फक्त आपल्या अँपमधून ऐकू येईल आणि प्रेक्षकांपर्यंत कोरडा बास जाईल. पेडलनंतर जोडला असेल, तर अँपचा स्पीकर जी तीक्ष्णता आपोआप गाळतो ती आता कोणीच गाळत नाही. म्हणून सुमारे ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज कमी करायला सांगावे, किंवा पेडलवरच कॅबिनेटचा, म्हणजे स्पीकरसारखी गाळणी करणारा, स्विच असेल तर तो चालू करावा. दोन इनपुट मोकळे असतील तर स्वच्छ आणि पेडलचा असे दोन्ही आवाज स्वतंत्र द्यावेत आणि मिसळण्याचे काम सभागृह ऐकणाऱ्या इंजिनिअरवर सोपवावे. साउंड चेकमध्ये गेन आणि ब्लेंड यांच्या नॉबना हात लावू नये. खोलीनुसार बदलायचे असतात ते लेव्हल आणि खालच्या बासचे नॉब, आणि घुमणाऱ्या सभागृहात त्यांपैकी बासचाच आधी उतरवावा.