हुमल्यांचं खत बघायला जाताना

हुमले म्हणजे झाडावर पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या. त्यांच्या विष्ठेचं झाडाला खत मिळतं, तेच बघायला जायचंय. आधी कपडे. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, डोक्याला घट्ट पंचा. हुमल्याला नांगी नसते. तो जबड्याने चावतो आणि पोट वाकवून त्याच जागी फॉर्मिक आम्ल सोडतो, म्हणून इतकं झोंबतं. कॉलरचं वरचं बटण लावायला लोक हटकून विसरतात, ते लावा.

जायचं ते काजू मोहरावर असताना, पाऊस यायच्या खूप आधी. गोव्याचा पाऊस पानं पार धुऊन काढतो आणि आपल्याला बघायचंय ते पानांवरच असतं. सत्तरी किंवा केपे तालुक्यात कुणाच्या ओळखीची बाग असेल तर उत्तम. अभयारण्यात जाणार असाल तर वन खात्याची परवानगी घ्या. बागवाल्याला आदल्या दिवशी फोन करून फवारणी झालीय का विचारा. झाली असेल तर फेरी फुकट.

पिशवीत दहापट मोठं दाखवणारं भिंग हवंच. सगळे घरट्याकडे बघत बसतात, अळ्यांच्या रेशमाने शिवलेली पानं बघण्यासारखी असतातही. पण भिंग लावायचं ते हुमल्यांच्या वाटेवरच्या जुन्या पानांना. तिथे वाळून चिकटलेले बारीक डाग दिसतील. ही त्यांची विष्ठा. तिच्यात युरिया असतो, गोणीत येतो तोच, शिवाय अमिनो आम्लं. दोन्हींतून झाडाला नायट्रोजन मिळतो. पानावर पडलेला युरिया पान थेट शोषून घेतं, हे कॉफीच्या रोपांवरच्या प्रयोगांत दिसलंय. उरलेला पावसाबरोबर मुळांकडे जातो.

एक जुनं पांढरं धोतरही घ्या आणि घरट्याखाली अंथरून तासभर सोडा. किड्यांचे पंख, तंगड्या, मेलेले हुमले, काय काय पडतं ते बघा. यातले बरेच किडे शेजारच्या झाडांवरून आणि जमिनीवरून ओढून आणलेले असतात, म्हणजे शेजाऱ्यांचा नायट्रोजन या झाडाच्या वाट्याला येतो. आग्नेय आशियातल्या डिस्किडिया मेजर या वेलीने तर कमालच केलीय: तिच्या पोकळ पानांत मुंग्या राहतात, आणि तिचा जवळजवळ २९ टक्के नायट्रोजन त्यांच्या कचऱ्यातून येतो, असं १९९५ साली मोजलं गेलं. आपल्या काजूला एवढं मिळतं असं समजू नका.

वहीत दोन रकाने करा, हुमल्यांचं देणं आणि घेणं. काजूच्या पानांवरच्या गोड रस पाझरणाऱ्या मधुग्रंथी हुमले चाटतात, तो खर्च झाडाचा. पिठ्या ढेकणांची, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या किड्यांची, राखण करून त्यांना रस ओढू देतात, तोही झाडाचाच. किडी मारतात आणि खत टाकतात, ते देण्यात लिहा. हुमल्यांची नुसती आरती ओवाळणारे दुसरा रकाना सोडून देतात.

कोयता आणि मुंग्या मारायचा फवारा घरीच ठेवा. चष्मा नसेल तर साधा गॉगल लावा आणि स्वच्छ पाण्याची एक बाटली वेगळी ठेवा, पिण्यासाठी नव्हे. वर बघताना आम्ल डोळ्यात उडालं तर लगेच धुवायला.