जुन्या मोटर यॉटसाठी नवे डिझेल इंजिन कसे निवडावे

पुण्यात राहून मुंबईला किंवा मांडव्याला जुनी मोटर यॉट ठेवणाऱ्या मालकासमोर इंजिन बदलण्याची वेळ आली, की पहिला प्रश्न बहुधा ‘किती एचपीचे घ्यायचे’ हाच असतो. खडकीत किर्लोस्करांची आणि कोथरूडमध्ये कमिन्सची इंजिने घडवण्यात या शहराच्या काही पिढ्या गेल्या असल्यामुळे, सल्ला द्यायला एखादा निवृत्त अभियंता शेजारीच सापडतो आणि तोही अश्वशक्तीपासूनच सुरुवात करतो. बोटीचा हिशेब मात्र उलट करावा लागतो. आधी बोटीचा तळ, मग प्रोपेलर, मग गिअरबॉक्स आणि त्यानंतर इंजिन, असा क्रम ठेवावा.

बोटीला किती शक्ती लागते, ते आधी ठरवावे

पाणी कापत जाणाऱ्या जड तळाच्या बोटीला वेगाची एक नैसर्गिक मर्यादा असते. पाण्याच्या रेषेवरील लांबी फुटांत मोजून तिच्या वर्गमुळाला 1.34 ने गुणले, की ही मर्यादा नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) मिळते. लांबी 36 फूट असेल तर हा वेग सुमारे 8 नॉट येतो आणि त्यासाठी ढोबळमानाने दर टनामागे 4 ते 5 अश्वशक्ती पुरते. अशा 15 टनी बोटीत 200 अश्वशक्तीचे इंजिन बसवल्याने वेग फारसा वाढत नाही. इंजिन मात्र वर्षानुवर्षे कमी भारावर चालून आतून काजळते. पाण्यावर उचलली जाणारी प्लेनिंग बोट असेल तर हे गणित लागू पडत नाही. तिथे वजन हा कळीचा आकडा असतो, म्हणून टाक्या भरलेल्या असताना क्रेनवर काट्याने केलेले वजनच धरावे, जुन्या माहितीपत्रकातले नव्हे.

नामफलकावरची अश्वशक्ती कोणत्या कामासाठी आहे, ते विचारावे

एकच इंजिन कंपन्या वेगवेगळ्या अश्वशक्तीला विकतात. अखंड कामाच्या रेटिंगमध्ये मिळणारा आकडा लहान असतो, पण ती शक्ती तासन् तास घेता येते. हौशी वापराच्या रेटिंगमध्ये आकडा मोठा दिसतो, पण पूर्ण शक्ती आठ किंवा बारा तासांत एखादाच तास घेण्याची परवानगी असते आणि वर्षभरातील एकूण तासांवरही मर्यादा असते. दोन कोटेशनांची तुलना करताना ही रेटिंगे सारखी आहेत की नाहीत, हे पाहिल्याशिवाय किमतीकडे वळू नये. शिवाय हौशी बोटींच्या इंजिनांची शक्ती 25 अंश सेल्सिअसला मोजून छापलेली असते. जहाजांचे वर्गीकरण करणाऱ्या संस्था यंत्रसामग्रीसाठी 45 अंश हवा आणि 32 अंश समुद्रपाणी गृहीत धरतात, आणि आपल्या किनाऱ्याला हेच आकडे अधिक जवळचे आहेत. त्या तापमानाला शक्ती किती घटते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

जनरेटरचे इंजिन स्वस्तात घेऊन बोटीत बसवण्याचा मोह टाळावा. इंजिनातले पाणी समुद्रपाण्याने थंड करणारा हीट एक्स्चेंजर, पाण्याने थंड होणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि खाऱ्या हवेला टिकणारे वायरिंग नंतर जमवत बसल्यास बचत तिथेच संपते.

गिअरबॉक्स आणि प्रोपेलर

बहुतेक फसगत इथे होते. समजा, जुने इंजिन 2300 आरपीएमचे (मिनिटाला 2300 फेऱ्यांचे) असून गिअरबॉक्सचे गुणोत्तर 2:1 आहे, म्हणजे प्रोपेलरचा दांडा (शाफ्ट) 1150 आरपीएमने फिरतो. नवे इंजिन 3000 आरपीएमचे घेऊन गिअरबॉक्स तोच ठेवला, तर शाफ्ट 1500 वर जायला हवा. प्रोपेलरला लागणारी शक्ती आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्याच प्रोपेलरला दुपटीहून अधिक शक्ती लागेल. ती मिळणार नाही. इंजिन वरच्या आरपीएमला पोहोचणारच नाही आणि काळा धूर टाकत राहील. 2.6:1 गुणोत्तराचा गिअरबॉक्स घेतल्यास शाफ्ट पुन्हा 1150 च्या आसपास येतो आणि जुना प्रोपेलर थोड्या बदलाने चालू शकतो. नव्या इंजिनाची शक्ती जास्त असेल, तर शाफ्टचा व्यास त्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) पुरतो का, हेही तपासावे.

दोन इंजिनांच्या जुन्या बोटींत आणखी एक अडचण असते. डेट्रॉइट डिझेलच्या 71 मालिकेसारखी इंजिने उजवीकडे आणि डावीकडे फिरणारी अशा जोडीने मिळत. आजची इंजिने सहसा एकाच दिशेने फिरतात आणि एका बाजूचा प्रोपेलर उलटा फिरवण्याचे काम गिअरबॉक्स करतो. म्हणून निवडलेला गिअरबॉक्स दोन्ही दिशांना पूर्ण भार कायम पेलणारा आहे, याची खात्री करून घ्यावी.

जागा, वजन आणि श्वास

इंजिनाच्या बाह्य मापांची लाकडी पट्ट्यांची चौकट सुताराकडून करून घ्यावी आणि ती हॅचमधून उतरवून प्रत्यक्ष जागेवर ठेवून पाहावी. फिल्टर बदलायला हात जातो का, पाण्याच्या पंपातले फिरते चक्र (इम्पेलर) काढता येते का, हे तेव्हाच कळते. माउंटचे ब्रॅकेट भोसरीच्या वर्कशॉपमध्ये चांगले बनतात, पण त्यांची मापे बोटीवरून घ्यावीत, ड्रॉइंगवरून नव्हे. नवे इंजिन बरेच हलके असेल तर बोटीचा तोल बदलतो, त्याचा हिशेब बोटींची तपासणी करणाऱ्या सर्वेअरकडून करून घ्यावा.

टर्बो इंजिनाला हवा अधिक लागते आणि एक्झॉस्टमधील उलटा दाब त्याला सोसत नाही. जुनाच एक्झॉस्ट पाइप वापरायचा असेल, तर त्याचा व्यास आणि समुद्रपाण्याच्या व्हॉल्व्हचा आकार नव्या इंजिनाच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा. सामाईक उच्च दाबाच्या नळीतून इंधन फवारणारे कॉमन रेल इंजिन धूर आणि आवाज कमी करते, पण जुन्या टाकीतला गाळ आणि पाणी त्याचे इंजेक्टर लवकर खराब करतात. टाकी साफ करून घेण्याची तयारी नसेल तर साधे मेकॅनिकल पंपाचे इंजिन मिळते का, ते पाहणे शहाणपणाचे.

कागदपत्रे आणि चाचणी

ऑर्डर देण्यापूर्वी नोंदणी अधिकारी आणि विमा कंपनी यांना लेखी विचारावे. 130 किलोवॉटपेक्षा मोठे इंजिन असेल तर मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे नायट्रोजन ऑक्साइडविषयक नियम लागू होतात का, हेही त्याच पत्रात विचारावे. मापे दिवाळीनंतर घेतली, तर पावसाळ्यात बोट वर काढलेली असताना काम होते आणि नारळी पौर्णिमेनंतर चाचणी घेता येते.

शाफ्ट आणि इंजिन एका रेषेत आणण्याचे काम (अलाइनमेंट) बोट पाण्यात काही दिवस राहिल्यानंतरच पूर्ण करावे, कारण पाण्यात उतरल्यावर तळाचा आकार किंचित बदलतो. गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन चकत्यांमध्ये (फ्लँजांमध्ये) वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या (फिलर गेज) घालून फट मोजावी. 5 इंच व्यासाच्या फ्लँजला फटीतील फरक इंचाच्या 5 हजारांशाहून अधिक नसावा. त्यानंतर टाक्या भरून, नेहमीची माणसे घेऊन पूर्ण थ्रॉटलवर बोट चालवावी. इंजिनाने ठरलेले आरपीएम गाठलेच पाहिजेत. ते कमी पडले तर प्रोपेलरचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो पुढे सरकू शकेल ते अंतर, कमी करावा; एक इंच पिचने साधारण 150 ते 200 आरपीएमचा फरक पडतो. आरपीएम, पाण्याचे तापमान आणि एक्झॉस्टचा दाब यांची नोंद विक्रेत्याच्या सहीने होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये, आणि ही अट ऑर्डरच्या कागदावरच लिहून घ्यावी.