लॉगिननंतर स्क्रीन काळी? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

मागच्या मंगळवारी एकाच दिवशी तीन फोन आले. तिघांचं पालुपद एकच, "भिया, पासवर्ड टाकला आणि सगळं काळं झालं." त्यापुढचा प्रश्नही ठरलेला, "फॉरमॅट मारू का?" इंदूरच्या रामबागेत मी अठरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतोय. या प्रश्नाला माझं उत्तर 'नको' हेच असतं. तरी लोक विचारतात, आणि निम्मे तर मारून झाल्यावर विचारतात.

फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकणं. सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

सियागंजातल्या एका किराणा पेढीवर हिशेब बघणारे एक काका आहेत. मार्च महिना, अपडेट येऊन गेलेलं, सकाळी मशीन चालू केलं तर लॉगिननंतर काळोख. काकांनी भाच्याला बोलावलं. भाचा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, पेन ड्राइव्ह खिशात तयार. दीड तासात नवं कोरं विंडोज, वर निळा वॉलपेपर. काका खूश. मग त्यांनी हिशेबाच्या टॅलीचा आयकॉन शोधला आणि मला फोन केला, "अरे, वर्षभराचं टॅली कुठं गेलं?"

टॅलीप्राइम मुळात आपला डेटा सी ड्राइव्हवरच, पब्लिकच्या फोल्डरात ठेवतं. भाच्यानं सी पुसला होता. 'डी ड्राइव्हला हात नाही लावला, काका' असं तो वारंवार सांगत होता आणि ते खरंही होतं. डी ड्राइव्हवर सत्यनारायणाचे फोटो होते. शेवटचा बॅकअप दिवाळीचा निघाला. पुढचे आठ दिवस काका बिलांचा गठ्ठा घेऊन रात्री अकरापर्यंत एंट्र्या मारत बसले.

मला खरा राग आला तो नंतर. भाच्यानं फॉरमॅटआधी स्क्रीनचा फोटो काढून मित्राला पाठवला होता, तो मला दाखवला. पूर्ण काळा फोटो, आणि मधोमध एक छोटा पांढरा बाण. माउसचा बाण! म्हणजे विंडोज जिवंत होतं. तो बाण कोणीच बघितला नव्हता.

तेव्हा आधी बाण बघा. पासवर्ड बरोबर निघाला की विंडोज 'युजरइनिट' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम चालवतं आणि तो 'एक्सप्लोरर'ला उठवतो. टास्कबार आणि डेस्कटॉपवरचे आयकॉन मांडणं ही एक्सप्लोररची कामं. तो उठला नाही तर काळ्या पडद्यावर नुसता बाण फिरतो. फायली, टॅली, फोटो सगळं जागच्या जागी असतं. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'रन न्यू टास्क' शोधा (जुन्या आवृत्तीत 'फाइल' मेनूखाली, नव्या विंडोज अकरामध्ये वरच बटण आहे), एक्सप्लोरर डॉट ईएक्सई लिहा आणि एंटर. पुष्कळदा तेवढ्यात डेस्कटॉप येतो. डेस्कटॉप आला की माझं पहिलं काम दुरुस्ती नसतं. मी आधी टॅलीचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतो. मग चहा, मग कारण शोधणं.

दुसरी चूक, घाई. मोठ्या अपडेटनंतरचं पहिलं लॉगिन बराच वेळ काळं राहू शकतं, कारण मागे विंडोज त्या खात्यासाठी ॲप्स तयार करत असतं. लोक दोन मिनिटं थांबतात आणि पॉवरचं बटण दाबून धरतात. अपडेट अर्ध्यात तुटतं, आणि मग जो खरा बिघाड होतो तो तुमचा स्वतःचा. माझा नियम साधा आहे. हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर हात लावायचा नाही. कोपऱ्यावर जायचं, एक प्लेट पोहे, त्यावर सेव जास्त, सोबत जलेबी, आणि परत यायचं. तेवढ्यात नाही आलं तर मग खरंच काहीतरी बिघडलंय म्हणायचं. नव्या मुलांना हे सांगितलं की ते हसतात. हसू द्या.

याच घाईचा जुळा भाऊ म्हणजे 'शटडाउन केलं ना, मग रीस्टार्ट कशाला?' विंडोज आठपासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये गाभ्याचा भाग डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. दुखणं तसंच राहतं. रीस्टार्टच करा.

आता माझी लाडकी केस. लोकमान्य नगरातल्या एक काकू, शिकवण्या घेतात. त्यांची तक्रार वेगळीच होती, "डेस्कटॉप येत नाही रे, पण काम होतं." मी गेलो तर काकू काळ्या पडद्यावर एक फोल्डरची खिडकी उघडून, त्यातून प्रश्नपत्रिका काढत होत्या. खाली टास्कबार नाही, मागे काही नाही. दोन आठवडे असंच चाललं होतं! कोणीतरी त्यांना वरचा टास्क मॅनेजरचा उपाय सांगितला होता. त्या रोज सकाळी इमानदारीनं एक्सप्लोरर लिहायच्या आणि दर वेळी डेस्कटॉपऐवजी नुसती फोल्डरची खिडकी यायची.

हीच खूण. एक्सप्लोरर सुरू होताना रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, बघतो की डेस्कटॉपचा मालक मीच आहे ना. तिथं दुसऱ्याचं नाव असेल तर तो पाहुण्यासारखा फक्त खिडकी उघडतो. काकूंच्या मशीनवर कोणीतरी फुकटातलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्यासोबत आलेल्या किड्यानं शेलच्या, म्हणजे डेस्कटॉप मांडणाऱ्या प्रोग्रॅमच्या, जागी स्वतःचं नाव लिहिलं. पुढे अँटिव्हायरसनं किडा मारला, पण पाटी तशीच राहिली. रोज लॉगिनला विंडोज मेलेल्या माणसाला हाक मारत होतं.

दुरुस्ती पाच मिनिटांची. टास्क मॅनेजरमधूनच रेजएडिट चालवा, रजिस्ट्री उघडेल. त्यात या वाटेनं जा: एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, विनलॉगऑन. उजवीकडे 'शेल' समोर फक्त एक्सप्लोरर डॉट ईएक्सई हवं, पुढेमागे काही नको. एकाच खात्याला काळोख आणि दुसऱ्या खात्याला ठीक असं असेल तर हीच जागा एचकी करंट युजरखाली बघा. तिथं साध्या घरगुती मशीनवर 'शेल' नावाची नोंद नसतेच. असली तर काढून टाका.

आणि हात लावण्याआधी विनलॉगऑनची ती 'की' (रजिस्ट्रीतलं फोल्डर) एक्स्पोर्ट करून ठेवा. शेजारीच 'युजरइनिट'ची नोंद असते, तिच्या शेवटी एक स्वल्पविराम असतो. तो चुकून राहिलाय असं समजून नीटनेटक्या स्वभावाची माणसं सफाई करायला जातात, आणि त्या ओघात मार्ग लिहिण्यात अक्षर चुकलं की लॉगिन होताक्षणी लॉगआउट होतं. मग काळा पडदासुद्धा परवडला.

बाकीच्या चुका आता भराभर.

बाणही दिसत नसेल तर विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी एकत्र दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र आणणारा प्रोग्रॅम) नव्यानं सुरू होतो, स्क्रीन लुकलुकते. फुकट आहे, आधी हेच करा.

सेफ मोडसाठी, म्हणजे गरजेपुरतंच विंडोज चालू करण्यासाठी, एफ-आठ बडवत बसू नका. विंडोज आठपासून ते मुळात बंद आहे. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट धरून रीस्टार्ट दाबा, पुढे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, तिथं रीस्टार्ट, आणि मग चार आकडा. सेफ मोडमध्ये डेस्कटॉप नीट आला तर संशय ड्रायव्हरवर किंवा लॉगिनसोबत सुरू होणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमवर. त्याच ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'अनइन्स्टॉल अपडेट्स'ही आहे. काल अपडेट आणि आज अंधार, असं असेल तर तिथूनच सुरुवात करा.

सेफ मोडच्या वाटेवर निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (विंडोजनं डिस्कला लावलेल्या कुलपाची) ४८ आकडी चावी मागितली तर घाबरू नका, आणि अंदाजानं आकडेही ठोकू नका. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करत असाल तर ती बहुधा त्या खात्यात सापडते, मोबाइलवरून उघडून बघा. आजच एका कागदावर लिहून ठेवलीत तर माझा फोन वाचेल.

'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' देणारे प्रोग्रॅम टाकू नका. नाही म्हणजे नाही.

विंडोजच्या सिस्टीम फायली तपासायच्या तर त्यासाठी दोन कमांड आहेत: आधी डीआयएसएम, मग एसएफसी. लोक उलटं करतात आणि 'काही फायली दुरुस्त झाल्या नाहीत' वाचून निराश होतात. टास्क मॅनेजरमधून कमांड प्रॉम्प्ट उघडताना ॲडमिनिस्ट्रेटरच्या चौकोनात टिक करायची विसरू नका.

वॉलपेपर काळा पण आयकॉन जागेवर असतील तर तो हा आजार नाही. तो बहुतेकदा परवान्याचा नाहीतर वॉलपेपरचा प्रश्न. विंडोज सातवर असं पुष्कळ व्हायचं. अजून सातवर असाल तर तुमच्याशी वेगळं बोलावं लागेल. दहाचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय.

लॅपटॉप असेल तर मोबाइलची बॅटरी लावून उजेड तिरपा मारा. अंधुक आयकॉन दिसले तर विंडोज बरोबर आहे, स्क्रीनमागचा दिवा गेलाय.

आणि वायर बघा. टिळक नगरात एका घरी लॅपटॉपवर विंडोजचा लोगो यायचा आणि पुढे मिट्ट काळोख. पासवर्ड ठेवलेला नव्हता, म्हणजे थेट डेस्कटॉपच यायला हवा होता. बाण नाही, पण आवाज सगळे येत होते. दोघांनी आधीच बघून 'मदरबोर्ड' म्हणून निदान केलेलं. मी लॅपटॉप उचलायला गेलो तर तो उचलेना. मागून एक एचडीएमआय वायर भिंतीवरच्या टीव्हीकडे गेली होती. रविवारी मॅच बघताना कोणीतरी 'सेकंड स्क्रीन ओन्ली' करून ठेवलेलं, टीव्ही बंद, आणि डेस्कटॉप बिचारा त्या बंद टीव्हीवर. वायर ओढली, आयकॉन हजर. आजी म्हणाल्या, "एवढंच होतं?" दोनशे रुपये घ्यायला लाज वाटली. घेतले.